ती चालत घरी आली होती

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर दिवस कलताना म्हशी येऊन उभ्या राहिल्या, की दानव्वा गवळणीच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. म्हशीनं पाय झाडला तर म्हशीला शिवी, नाही झाडला तर समोरच्या गिऱ्हाइकाला. तालमीतून सुटलेले पैलवान अंगाची तांबडी माती न झाडताच यायचे, पितळी पेला पुढं करायचे, आणि डोळ्यांदेखत काढलेलं ऊन ऊन दूध उभ्या उभ्या पिऊन मिशा पुसायचे.

"बघतोस काय मुडद्या? पेला सरळ धर की. निम्मी धार पायताणावर चाललीया."

"आज फेसच लई हाय, दानव्वा."

"मग दूध म्हशीला परत दे आनि फेस घिऊन जा घरला."

लोक हसायचे. काही जण तर दुधापेक्षा शिव्यांसाठीच तिच्या म्हशीपाशी येतात, असं म्हटलं जाई. ती रागीट आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो राग गल्लीनं गमतीत जमा केला होता. खरा राग तिला पुढं आला. तेव्हा कुणी हसलं नाही.

तिचं नाव दानम्मा. गडहिंग्लजकडची. परकराच्या वयात लग्न होऊन कोल्हापुरात लिंगायत गवळ्याच्या घरी आली, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी सासूनं तिला म्हशीखाली बसवलं. म्हशींशी ती कानडीत बोले, माणसांशी मराठीत. त्या घरात दुधाची वाट ठरलेली होती. पहिली धार देवाला. मग तांब्याभर तालमीला जाणाऱ्या पोराला. मग कट्ट्यावरचं गिऱ्हाईक, मग रतिबाची घरं. बायकांना गुळाचा कोरा चहा, भाकरी, आणि ज्यात ताकाला शोधावं लागेल असं ताक. दुभत्या म्हशीचं दूध घरच्या बाईनं तोंडाला लावलं की म्हैस आटते, असं सासूनं सांगितलं होतं. सासूला तिच्या सासूनं सांगितलं होतं. दानव्वानं ते कधी तपासून पाहिलं नाही. विस्तवात हात घालून कोण बघतं?

तिला सात बाळंतपणं झाली. सातही पोरं तिनं दोन-दोन, तीन-तीन वर्षं अंगावर पाजली. त्यांतली चार गेली, दोन मुली लग्न होऊन बेळगावकडं दिल्या आणि घरात राहिला तो भरमाप्पा. भरमाप्पाला तालमीत घातलं तेव्हा त्याचा बाप जिवंत होता. बापानं सांगितलं, पोराच्या दुधात कधी खंड पडता कामा नये. तो पडला नाही. बाप गेला तरी पडला नाही. मैदानात भरमाप्पा शड्डू ठोकून उभा राहिला की लोक त्याच्या मांड्यांकडं बघत, आणि बायकांच्या घोळक्यात मागं उभी असलेली दानव्वा पदराआडून बघे. तेव्हा तिला त्या मांड्यांचं फार कौतुक वाटायचं.

पन्नाशीनंतर ती हळूहळू लहान होत गेली. तिच्या ते ध्यानात आलं ते शिंक्यामुळं. लोण्याचं मडकं ज्या शिंक्यात असे, त्याला तिचा हात पोचेना.

"शांते, शिंकं वर बांदलंईस व्हय गं?"

"न्हाय आत्ती. आदी हुतं तितंच हाय."

"मग काय मी खाली गेले?"

शांता ही भरमाप्पाची बायको. कमी बोलणारी. तिनं वर बघितलं, सासूकडं बघितलं, आणि शिंकं वीतभर खाली बांधून दिलं. दानव्वाची पाठ वाकत चालली होती. लुगडं पुढून लोळायचं. रात्री पाठ ठणकायची, तेव्हा ती म्हशीच्या नावानं बोटं मोडायची.

मग एकदा गोठ्यात घसरून ती तळहातावर पडली आणि मनगट मोडलं. गल्लीतल्या तालमीचे आकाराम वस्ताद धावत आले. त्यांनी मनगट हातात घेतलं, डोळे मिटून बोटांनी चाचपलं, ओढून सरळ केलं आणि कामट्या बांधल्या. हात जुळून आला. थोडा वाकडा राहिला, पण धार काढता येऊ लागली. वस्तादांनी मोबदल्यात काही घेतलं नाही, कुणाकडूनच घेत नसत. पोरांचे खांदे निखळत, गुडघे सरकत, बोटं उलटत, ते सगळं त्या एका माणसाच्या हातांवर चाललेलं. निम्म्या पेठेतली हाडं आपल्या ओळखीची आहेत, असं ते म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. दसरा होऊन गेला होता. कट्ट्यावर धार काढून दानव्वा उठायला गेली, फरशीवर शेणाचा राडा होता, पाय सरकला आणि ती बसल्या जागीच एका कुशीवर कलंडली. ते काही मोठं पडणं नव्हतं. म्हशीनं लाथ मारून पाडलं तरी ती कितीदा उठून परत धारेला बसली होती. पण या वेळी जांघेत काहीतरी करकचलं. एका पैलवानानं हात दिला. ती उठली, त्याला दोन शिव्या दिल्या, आणि भरमाप्पाच्या खांद्यावर हात ठेवून, पाय ओढत, दर चार घरांवर थांबत, गंगावेशीपासून घरापर्यंत चालत आली.

ती चालत आली. हे तिनं पुढं इतक्यांदा सांगितलं, की ऐकणाऱ्यांना ती म्हातारीची टकळी वाटू लागली. पण गोष्टीचं मर्म तेवढंच आहे.

घरी आल्यावर ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली. पाय सरळ होता. जांघ दुखत होती, गुडघाही दुखत होता, पण ती म्हणाली, "दोन दीस पडते. हुईल आपसूक." शांतानं वीट शेकून दिली. भरमाप्पा मात्र तोवर वस्तादांना बोलवायला गेला होता.

वस्ताद आले. मागून तालमीतले तिघे आले, कारण भरमाप्पा वस्तादांचा लाडका पठ्ठ्या आणि त्याची आई ती सगळ्यांची आई. वस्तादांनी जांघेवर अंगठा दाबला. दानव्वा किंचाळली.

"चालत आलीस न्हवं?" वस्तादांनी विचारलं.

"व्हय."

"मग हाड शाबूत हाय. हाड मोडलेलं मानूस चालंल व्हय? खुब्याचा सांदा सरकलाय तुझा. ओढला की बसतोय. गेल्या वर्साला असाच एकाचा बसवला, दुसऱ्या महिन्यात मैदान मारलं गड्यानं."

"मला काय मैदान मारायचं न्हाय, वस्ताद. पडू दे की दोन दीस."

"सांदा थंड झाला की बसत न्हाय. भरमू, धर."

तिला बाजेवर घेतलं आणि तिघांनी धरलं. एकानं कंबर, एकानं चांगला पाय, एकानं हात. आणि खांदे भरमाप्पानं. वस्तादांनी घोट्याला पंचा गुंडाळला, आपला पाय बाजेच्या माच्याला लावला आणि अंग मागं टाकून पाय ओढला, ओढता ओढता फिरवला. दानव्वा ओरडत होती, "सोड, भरम्या, सोड!" भरमाप्पा तिच्या तोंडाकडं न बघता छताकडं बघत होता. त्याचे तळवे तिच्या खांद्यांवर पाट ठेवल्यासारखे जड होते. मग खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज झाला.

"बसला!" पैलवान एकदम ओरडले. एकानं तर शड्डू ठोकला.

आंबेहळदीचा लेप लावून, कामट्या बांधून, वस्ताद घामाघूम होऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दानव्वा उठायला गेली तेव्हा तो पाय तिचं ऐकेना. पाऊल बाहेरच्या बाजूला कलून पडलं होतं आणि पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. "सूज हाय, उतरंल," वस्ताद म्हणाले. सूज उतरली. पाय तसाच राहिला.

गल्लीतल्या बाया बघायला येत. "काय करायचं दानव्वा, वय झालं. पडलीस आनि मोडलं बग."

"पडून न्हाय मोडलं! मी चालत आलते घरी!"

"व्हय, व्हय," त्या म्हणत, आणि एकमेकींकडं बघत.

थंडी सरली तरी ती बाजेवरच होती. मग एके दिवशी पाठीला जखम झालेली दिसली, आणि कधी न बोलणाऱ्या शांतानं आवाज चढवला. "वस्ताद म्हंत्यात उतरंल, उतरंल. काय उतरंल? कातडं उतराय लागलंय आत्तींचं. टांगा आणा, न्हायतर मी आणते." भरमाप्पानं टांगा आणला.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं पायाचा फोटो काढायला लावला, आणि ती काळी काच उजेडापुढं धरून बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं विचारलं, "पडल्यावर आजी चालल्या होत्या का?"

"गंगावेशीपासनं घरापतोर," दानव्वा म्हणाली. इतक्या दिवसांत हे विचारणारं पहिलं माणूस भेटलं होतं.

"आणि नंतर कुणी पाय ओढला?"

शांतानं भरमाप्पाकडं बघितलं. भरमाप्पानं जमिनीकडं.

"खुब्याशी हाड मोडलं होतं," डॉक्टर म्हणाला. "पण मोडताना एक तुकडा दुसऱ्यात रुतून बसला होता, खुंटी बसते तसा. म्हणून तर चालता आलं. तसंच हलवू न देता जपलं असतं, तर कदाचित जुळलं असतं. ओढल्यानं ते सुटलं. आता फार दिवस झाले. आता ते जुळेल असं मला वाटत नाही."

"पण इतक्या बारीक पडण्यानं हाड मोडतंय कसं?" भरमाप्पानं विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

डॉक्टरनं काच खाली केली आणि बोट ठेवून दाखवलं. हाड आतून विरलं होतं. वरून सरळ, आत वाळवीनं खाल्लेल्या वाशासारखं. बायकांचं पाळी गेल्यावर असं होतं, तो म्हणाला. पुष्कळ बाळंतपणं झालेली असतील, खाणंपिणं तोकडं असेल, तर जास्तच. पाठ वाकते, उंची कमी होते, आधी मनगट मोडतं, मग खुबा. त्यानं दानव्वाचं वाकडं मनगट उचलून बघितलं आणि परत खाली ठेवलं.

"दूध पीत जा आजी. घरात दूध असतं का?"

दाराशी उभा असलेला टांगेवाला फिस्सकन हसला. "डॉक्टर, गवळीण हायत त्या. गंगावेशीतल्या दानव्वा."

डॉक्टरही हसला. "मग तर काय, घरचंच आहे की!"

दानव्वा हसली नाही. तिला चीड आली होती, आणि ती गमतीतली नव्हती. तिला तांबड्या मातीची ती सगळी अंगं दिसली, पुढं आलेले पितळी पेले दिसले. तिचे हात पन्नास वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ दुधात भिजले होते, कोपरापर्यंत ओघळ आले होते, आणि ते तिनं राखेनं धुऊन टाकले होते. तिला शिवी सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा सुचली नाही.

घरी आल्यावर ती शांताला म्हणाली, "आजपासनं सकाळचा एक तांब्या तू प्यायचा."

"म्हैस आटंल की आत्ती."

"आटू दे. म्हैस आटली तर दुसरी आनता येती. पी माझ्यादेखत."

शांतानं दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. तिला ते उमासून आलं. लग्न झाल्यापासून दूध फक्त मापायचं ठाऊक, पोटाला त्याची सवयच राहिली नव्हती. ज्या सासूनं पहिल्या दिवशी तिच्या हातातली वाटी काढून घेतली होती, तीच आता वाटी धरून बसली होती, आणि शांताला ती तेव्हाइतकीच जाचक वाटत होती. दानव्वाला ते दिसलं. म्हणून तिचा राग कमी झाला नाही, उलट त्याला आणखी एक तोंड फुटलं, आणि ते तिच्याकडंच वळलेलं होतं.

तिनं बाज ओट्यावर काढून घेतली. तालमीला जाणारा-येणारा दिसला, की ती ओरडे, "तुझ्या वस्तादाला सांग, पाय परत दे म्हनावं माझा!" पैलवान मान खाली घालून पुढं जात. वस्तादांनी त्या बोळातून येणं सोडलं.

"अव्वा, गल्लीत ऱ्हायाचं हाय आपल्याला," भरमाप्पा म्हणे. "वस्तादांनी काय वाईट मनानं केलं व्हय?"

"मन बगून काय करू मी? मी पाय बगते माझा."

"वय झालं की हुतंयच आसं. डॉक्टरच म्हनला, हाड कच्चं हुतं."

"कच्चं हुतं म्हनून चालत आलते व्हय रं? आँ? कच्च्या हाडावर गंगावेशीतनं आलते. तू धरलंस तितं मोडले."

भरमाप्पा उठून गोठ्यात जाई. त्यानं एकदाही म्हटलं नाही, की हो, तसं झालं. आईचं त्यानं सगळं केलं. उचलून न्हाणीत नेलं, कुशीवर वळवलं, पाठीला खोबरेल लावलं. पण ते एक वाक्य त्याच्या तोंडून आलं नाही, आणि दानव्वाला हवं होतं ते तेवढंच. खाली वाकून तो तिला उचलायला आला, की ती त्याच्या दंडाकडं बघे. तिला वाटे, हा दंड माझा आहे. माझ्या हाडातून काढून त्याच्या अंगावर चढवलेला आहे, आणि त्यानंच मला दाबून धरलं.

असंच वर्ष-सव्वा वर्ष गेलं. चैत्र होता, जोतिबाची यात्रा होऊन गेली होती. शांता रतीब घालून आली आणि रिकामं भांडं पालथं घालता घालता म्हणाली, "आत्ती, अंबूबाई पडल्या म्हणं सकाळी. जोतिबास्नं आल्या, टांग्यातनं उतरताना पाय मुडपला."

अंबूबाई पलीकडच्या बोळातली, दानव्वाच्याच वयाची, तीस वर्षांचं गिऱ्हाईक. तीस वर्षं रोज, दुधात पाणी आहे म्हणून भांडलेली.

"मोडला?"

"न्हाय वो. चालत आल्या घरी. जांगंत तेवढं दुखतंय म्हंत्यात. कृष्णात गेलाय वस्तादास्नी बोलवाय."

दानव्वा कोपरावर उठून बसली. "चालत आली?"

शांताच्या हातातलं भांडं थांबलं.

"भरम्या!" अशी हाक त्या घरात पूर्वी कधी गेली नव्हती. गोठ्यातल्या म्हशीसुद्धा उठून उभ्या राहिल्या. भरमाप्पा पेंड भिजवत होता, तसाच ओल्या हातांनी आला. "उचल मला. अंबूच्या घरला ने."

"कशाला?"

"वस्ताद वडायला गेलाय तिला."

भरमाप्पा उभाच राहिला. "अव्वा, त्यांच्या घरचं त्ये बगतील. वस्तादांच्या म्होरं मी... माझे गुरू हायत त्ये. मी काय त्यांच्या आडवं जाऊ?"

"तू जाऊ नगंस. मी जाते. मला पाय न्हाय म्हनून तुला सांगते, न्हायतर सांगतंय कोन? तुझ्या वस्तादानं ठेवला आसता तर माझी मी गेले आसते."

भरमाप्पाचं तोंड पडलं. तो हलेना. तेव्हा शांता परसात गेली आणि पेंडीची पोती आणायची हातगाडी बाहेर काढली. तिच्यावर गोणपाट टाकलं. नवऱ्याला काही बोलली नाही. गाडीच्या दांड्या धरून नुसती उभी राहिली. ती एकटीनंच ढकलत नेणार, हे दिसत होतं. भरमाप्पानं आईला उचलून गाडीवर ठेवलं आणि दांड्या तिच्या हातातून घेतल्या.

बोळ दगडी होता. चाक प्रत्येक दगडावर आदळत होतं, आणि प्रत्येक आदळण्याबरोबर दानव्वाच्या खुब्यातून कळ मस्तकात जात होती. "हळू नगं! जोरात ढकल!" ती ओरडत होती. दारात बसलेल्या बाया उठून बघू लागल्या.

"कुटं चाललीस दानव्वा, पालखीत बसून?"

"मसनात! वाट सोडा!"

अंबूबाईच्या दारापुढं गर्दी होती. आत, कपाळाचा गुलाल तसाच असलेली अंबूबाई बाजेवर निजली होती. तिचा मुलगा कृष्णात उशाशी, चार पैलवान भोवती, आणि वस्ताद पंचा गुंडाळत होते. अंबूबाईचा पाय सरळ होता. दानव्वानं दारातून आधी तोच बघितला. सरळ होता. अजून सरळ होता.

"आकाराम, हात लावू नगंस!"

वस्तादांना सगळा गाव वस्ताद म्हणे. नुसतं नाव घेऊन एका बाईनं हाक मारल्यावर खोलीतली हालचाल थांबली. वस्तादांनी वर बघितलं. ते तापट नव्हते. त्यांचा आवाज चढलाच नाही.

"भरमू, आईला घरला ने. उन्हाचं कशाला आनलंस?"

भरमाप्पा गाडीच्या दांड्या धरून उभा. त्याची नजर वस्तादांच्या पायांवर होती. त्या पायांवर त्यानं डोकं ठेवलं नाही असा एक दिवस गेला नव्हता. मग तो वाकला. सगळ्यांना वाटलं, गाडी वळवायला वाकला. त्यानं आईला उचललं, उंबरा ओलांडला, पैलवानांच्या मधून वाट काढली आणि तिला नेऊन अंबूबाईच्या बाजेवर, पायथ्याशी, आडवी ठेवली. आता अंबूबाईचा पाय ओढायचा, तर आधी दानव्वाला उचलून बाजूला करावं लागणार होतं.

आरडाओरडा सुरू झाला तो अंबूबाईचाच. "ऊठ, ऊठ माझ्या बाजंवरनं! जलमभर दुधात पानी घाटलंस, आता मराय लागले तर आडवी पडतीस व्हय भवाने!"

"गप पड! हलू नगंस!"

"कृष्णात, काढ रं हिला!"

"कृष्णात्या, मला हात लाव, मनगट चावून तोडीन तुझं. तुझी आई चालत आलीया का न्हाय? बोल की."

"आलीया," कृष्णात गोंधळून म्हणाला.

"मीबी आलते. वस्तादानं वडला. आता बग." आणि भरल्या खोलीत, सगळ्या पुरुषांदेखत, तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं. आखूड झालेला, सुकलेला, बाहेर कललेला तो पाय कुणी असा उघडा बघितला नव्हता. पैलवानांनी माना फिरवल्या.

वस्तादांच्या कपाळावर घाम आला. "म्हातारी पडली, त्यानं मोडलं हुतं. मी बसवला. भरमू, तूच धरलं हुतंस. सांग ह्यास्नी."

दानव्वानं मुलाकडं बघितलं नाही. तिला तेवढं धाडस झालं नाही.

"व्हय वस्ताद," भरमाप्पा म्हणाला. "मी धरलं हुतं. ती चालत घरी आलती. तुमी वडला, आनि त्या दिसापासनं ती चालली न्हाय."

मग वस्तादांनी घोट्याभोवतीचा पंचा उलगडला, खांद्यावर टाकला आणि वाकून, बारक्या दारातून बाहेर पडले. मागून पैलवान गेले. जाताना त्यांच्यातल्या एकानं भरमाप्पाला खांद्यानं मुद्दाम धक्का दिला.

कृष्णातनं दाराची फळी काढली, आईला हलू न देता तीवर घेतलं आणि शिव्याशापांसह दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं फोटो काढला. हाड रुतूनच बसलं होतं. त्यानं ओढलं नाही, कापलं नाही. पायाला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या लावल्या आणि नुसतं निजवून ठेवलं. आषाढ संपता संपता अंबूबाई काठी घेऊन उभी राहिली.

तालमीनं भरमाप्पाच्या घरचं दूध बंद केलं. कट्ट्यावर त्याच्या म्हशीपाशी तांबड्या मातीचा एकही माणूस थांबेना. भरमाप्पा पहाटे उठून घरातच जोर काढायचा, कुणाशी बोलायचा नाही. आईशी तर त्याहून कमी. दानव्वाला वाटलं होतं, ते वाक्य ऐकलं की आत काहीतरी शांत होईल. झालं नाही. वाक्य खरं होतं, आणि पाय आखूडच होता.

आणि अंबूबाई? ती बोळाबोळात सांगत फिरू लागली. "मला कायबी झालं नव्हतं वो. नुस्ती लचक. वस्तादांनी बोटानं दाबून बशिवली आसती. ह्या गवळणीनं येऊन राडा केला, आनि तीन म्हैने निजवलं मला मढ्यासारकं."

श्रावणातल्या एका सोमवारी ती हेच बोलत दानव्वाच्या ओट्यापुढं आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बेलाची परडी. दानव्वा बाजेवर.

"काय गं, ऐकाय आलं न्हाय?" अंबूबाई म्हणाली. "माझं हाड न्हवतंच मोडलं. चांगलं धड हुतं."

"व्हय व्हय, धड हुतं! लोखांडाचं हाड तुझं! फोटूत काय भूत दिसलं डॉक्टरला?"

"त्या डॉक्टरला काय कळतंय, पोरगं त्ये. आनि तुझ्या दुधात अजूनबी पानी हाय."

"तुझ्या डोळ्यात हाय पानी! नीघ हितनं, भवाने! नीघ!"

अंबूबाई ठसक्यात वळली. काठी, मग एक पाय, मग दुसरा. बोळ ओला होता. दानव्वाची बडबड थांबली. बाजेचा माचा घट्ट धरून, मान लांबवून, ती त्या दोन पायांकडं बघत राहिली. कोपऱ्यावरच्या गटारीपाशी अंबूबाई थबकली, काठी पलीकडं टेकवली आणि पाय टाकला. टाकलेला पाय टिकला.

"जा की मग!" दानव्वा घसा फोडून ओरडली. "आली तशी चालत जा! चालत जा, रांडं!"

गोठ्यातून शांता बाहेर आली. "कुनाला शिव्या द्यायलाईसा, आत्ती?"

अंबूबाई वळणाआड गेली होती, आणि दानव्वाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं रागारागानं वाकड्या मनगटानं पुसून टाकलं.